कमी नंबरची लेन्स आणि एक माप लहान पँट

परभणीत एका आजीला मी सांगितलं, "तुमच्या नातीच्या डोळ्यात आम्ही मुद्दाम कमी नंबरची लेन्स बसवणार आहोत."

शास्त्राच्या दृष्टीने या वाक्यात एकही चूक नाही. याच विषयावर मी डॉक्टरांच्या परिषदांमध्ये व्याख्यानं दिली आहेत. तिथे हे वाक्य आलं की लोक माना डोलावतात, काही जण मान डोलावता डोलावता झोपीही जातात. पण उठून आजवर कुणी गेलं नव्हतं. गयाबाई उठल्या. पाच वर्षांच्या आरूला त्यांनी कडेवर घेतलं, सुनेला "चल गं रेखा" म्हणाल्या, पिशवी उचलली आणि दारात थांबून मला सुनावलं, "तुमची ती कमी नंबरची तुमच्याच घरच्या लेकराला बसवा."

मी पुण्याचा. लहान मुलांच्या डोळ्यांचा डॉक्टर. परभणीतल्या एका धर्मादाय दवाखान्यात वर्षातून तीन-चारदा आठवडाभर मुक्काम ठोकून मुलांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया करतो. मोतीबिंदू फक्त म्हातारपणी होतो असं ज्यांना वाटतं त्यांनी आरूचे डोळे बघायला हवे होते. दोन्ही बाहुल्यांच्या मधोमध सायीचा एकेक ठिपका. असे डोळे फार काळ तसेच राहिले, की मेंदू त्यांच्याकडून चित्रं मागवायचंच सोडून देतो. मग पुढे कितीही सुरेख शस्त्रक्रिया करा, डोळा स्वच्छ होतो आणि दिसत मात्र नाही. पाचवं वर्ष म्हणजे आधीच उशीर झालेला. माझी पुढची खेप थेट उन्हाळ्यात होती.

"साब, तुमी 'कमी' बोलले?" मोईनभाईंनी विचारलं. मोईनभाई म्हणजे आमच्या दवाखान्यात डोळ्यांची मापं घेणारा माणूस. डोळ्याची लांबी मोजतात, बुबुळाचा गोलावा मोजतात आणि उरलेल्या वेळात माझी अक्कल मोजतात.

"बोललो."

"मंग मामला खलास. हितं लोकं कमी दुधाचा चहा पीत न्हाईत, कमी नंबरची लेन्स कशी घेतील? नशीब, 'दोन नंबरची' न्हाई बोलले."

"पण मी समजावून सांगत होतो! तिचा डोळा वाढणार आहे, म्हणून—"

"ते मला नका सांगू. मी बसलोय की जाग्यावर. जे उठून गेलं त्याला सांगा." मग ते एकदम विचारात पडल्यासारखे झाले. "उद्याच जाऊ साब. गयाबाईच्या गावाला, राणीसावरगावला. उद्याच. परवा न्हाई."

"उद्या शस्त्रक्रिया आहेत ना?"

"उद्या दवाखान्यात चिटपाखरू फिरकायचं न्हाई," मोईनभाई म्हणाले. का, ते मात्र सांगितलं नाही. त्यांची ही कर्तव्यनिष्ठा बघून मला भरून आलं. हे भरून येणं फार टिकलं नाही, ते पुढे येईलच.

निघण्याआधी माझ्या पँटची ओळख करून देणं भाग आहे, कारण या प्रवासातलं ते एक मुख्य पात्र आहे. करड्या रंगाची, तयार, दुकानातून घेतलेली. घेताना विक्रेता म्हणाला होता, "सर, तुम्हाला एक माप मोठी लागेल." मी म्हणालो होतो, "नको. पुढच्या महिन्यापासून मी रोज टेकडीवर जाणार आहे." म्हणजे पुढे होणाऱ्या पोटाच्या अंदाजाने मी आजची पँट घेतली होती. टेकडी अजून तिथेच आहे. मीही.

गंगाखेड

गोदावरीचा पूल ओलांडला की गंगाखेड. थंडीचे दिवस, नदीवर धुक्याची पट्टी, आणि काळ्या रानात उभ्या तुरी. एसटीतून उतरताच मोईनभाई म्हणाले, "आदी सुशीला घेऊ, मंग पुढं."

मला ही युक्ती एकदम पटली. गयाबाईंना समजवायला कुणीतरी बाईमाणूस बरोबर असलेलं केव्हाही चांगलं. मी म्हणालो, "त्यांना कळवलंय का आपण येतोय म्हणून?"

"कुणाला?"

"सुशीलाबाईंना."

मोईनभाईंनी माझ्याकडे रोग्याकडे बघावं तसं बघितलं. "कळवायचं काय त्यात? हॉटेलात असतीच की सकाळच्याला."

बाई सकाळी हॉटेलात असतात हे ऐकून त्या समाजकार्य करत असाव्यात असा मी निष्कर्ष काढला. हॉटेलात शिरून मी मालकांना अदबीनं विचारलं, "सुशीलाताई आल्यात का?" मालकांनी मला आपादमस्तक न्याहाळलं, आत वळून ओरडले, "दोन सुशीला दे रे, एक तिखट!" आणि माझ्यापुढे बशी आली. भिजवून पिळलेले मुरमुरे, कांद्या-मिरचीची खमंग फोडणी, वरून फुटाण्याचं पीठ आणि कोथिंबीर. पुण्यात आम्ही पोह्यांचे एवढे गोडवे गातो, पण खरं सांगतो, पोह्यांना अशी सख्खी मावसबहीण आहे हे कुणी आम्हाला सांगितलंच नव्हतं. मी दोन बश्या संपवल्या. मोईनभाई एकावरच थांबले.

"साब, पोटात जागा ठिवा," ते म्हणाले. मला वाटलं, रस्ता खराब असेल.

राणीसावरगावचं शिवार

राणीसावरगावच्या फाट्यावर उतरलो तर गावात माणूस नाही. दारांना कड्या, पारावर एक कुत्रं, तेही कंटाळलेलं. मी घाबरलो. गयाबाईंनी माझ्याबद्दल सगळ्या गावाला सांगितलं असावं आणि गाव उठून गेलं असावं, असाही एक विचार चाटून गेला.

"आज येळवस हाय साब," मोईनभाई शेवटी म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे तेज फाकलं त्यावरून 'उद्याच, परवा न्हाई' याचा उलगडा झाला.

वेळ अमावास्येला इकडे येळवस म्हणतात. त्या दिवशी अख्खं गाव शेतात जेवतं. ज्वारीच्या उभ्या पिकात कडब्याची कोपी, म्हणजे खोपटं, करतात, तिच्यात चुना लावलेले पाच दगड मांडून पांडव म्हणून पुजतात, मग पंगत. आणि नियम असा, की शिवारातून चाललेला माणूस, तो ओळखीचा असो, परका असो, भांडलेला असो, जेवल्याशिवाय पुढे सोडायचा नाही. आमच्याकडे अनोळखी माणूस दारात आला, तर आम्ही आधी साखळी लावून फटीतून विचारतो, "कोण पाहिजे?" इथे पहिल्याच बांधावरून हाक आली, "ओ पावनं! तसंच जायलाव व्हय?"

"आम्हाला गयाबाईंकडे जायचंय," मी म्हणालो.

"जावा की. गयाबाई पळून जायलीय का? आदी बसा."

मी बसलो. भज्जी नावाची एक चीज माझ्या पानात आली. भजी नव्हे, ते मी विचारलं आणि सगळी कोपी हसली. तुरीचे, वाटाण्याचे, हरभऱ्याचे ओले दाणे आणि रानातल्या सगळ्या हिरव्या पाल्याची बेसन लावून घट्ट शिजवलेली भाजी. तिच्याबरोबर बाजरीचे वाफवलेले गोल उंडे, वर गव्हाची खीर, आणि ताकात ज्वारीचं पीठ शिजवून आंबवलेली गार आंबील, तांब्याने. "आता बास" म्हटलं की इकडे वाढतात. "नको नको" म्हटलं तर आणखी. हात पानावर आडवा धरला तर हातावर वाढतात.

गयाबाईंचं शेत ओढ्यापलीकडे. आणि मधल्या प्रत्येक शेताला एक कोपी, प्रत्येक कोपीला एक हाक. दुसरीकडे मी थोडंसं खाल्लं. तिसरीकडे नाही म्हणायला तोंड उघडलं आणि त्यात उंडा गेला. त्यानंतर मी मोजणं सोडलं. मोईनभाई मात्र ताज्या दमाने प्रत्येक बांधावर "नको हो, नको हो" करत सगळ्यात आधी मांडी घालत होते.

ओढ्यापलीकडे कोपीपाशी गयाबाई उभ्या होत्या. आम्हाला बघून त्यांच्या कपाळावर आठी आली, पण येळवस मोठी की राग मोठा, याचा निकाल लगेच लागला.

"आलाव? बरं झालं. आदी जेवा."

"गयाबाई, मी त्या लेन्सबद्दल—"

"आदी जेवा म्हनलं ना. भांडान कुटं पळून जायलंय?"

मी घोंगडीवर मांडी घालायला खाली वाकलो. आणि शिवारात एक आवाज झाला. सुशीला, भज्जी, खीर, आंबील आणि टेकडीवर न गेलेलं एक वर्ष, सगळ्यांनी मिळून पँटच्या मागच्या शिवणीवर एकमताने निर्णय घेतला होता. टर्रर्र.

आरू आजीच्या मागे उभी होती. भर उन्हात तिला फार कमी दिसे. प्रकाशात बाहुली आक्रसते आणि मधला पांढरा ठिपकाच तेवढा दारात उभा राहतो. म्हणून ती मान खाली घालून, डोकं तिरकं करून, ठिपक्याच्या कडेने जग बघायची. तिने मला बघितलंच नव्हतं. तिने फक्त ऐकलं.

"आज्जी, काय फाटलं गं?"

"डाक्टरची अब्रू," गयाबाई म्हणाल्या.

मोईनभाईंनी गळ्यातला मोठा रुमाल काढून माझ्या कमरेला मागच्या बाजूने बांधला. तशा अवस्थेत मी जेवलो आणि तशाच अवस्थेत बाजू मांडली. वकिलाचा कोट मागून उघडा असला की युक्तिवादात तो जोर राहत नाही.

"मला सांगा," गयाबाई म्हणाल्या, "माझ्या डोळ्याचं आपरेशन झालं तवा तुमच्यासारकाच डाक्टर व्हता. म्हनला, मावशी, पुऱ्या नंबरची लेन्स टाकलीय, लांबचं बगायला चष्मा लागायचा न्हाई. न्हाई लागत. त्या लिंबावरचा व्हला दिसतोय मला. मी म्हातारी, आज हाय, उद्या न्हाई. मला पुरी. आन् हिला आख्खा जलम काढायचाय, हिला कमी? वर चष्माबी हायच?" त्यांनी आरूच्या डोक्यावर हात ठेवला. आवाज उतरला. "पोरगी हाय म्हनून कमी व्हय, डाक्टर? पोरगं असतं तर पुरी टाकली असती?"

खरं सांगतो, या प्रश्नावर माझ्याजवळ एकही स्लाइड नव्हती.

मी काळ्या मातीत काडीने डोळ्याचं चित्र काढलं. आज एवढा डोळा, उद्या एवढा. मग पुण्याच्या शाळेत शिकलेलं शुद्ध मराठी माझ्या मदतीला धावून आलं आणि मी दुसऱ्यांदा बुडालो. "आत्ता आपण थोडा धन नंबर शिल्लक ठेवतो. तो शिल्लक ठेवला नाही, तर मोठेपणी ऋण होतो."

गयाबाईंनी सुनेकडे बघितलं. "रेखा, हे लेन्स बसवायलेत का ब्यांक काडायलेत?"

रेखा तोंडाला पदर लावून हसली. आरू तोवर माझ्यापर्यंत आली होती. तिने मुठीतलं एक बोर आपल्या डोळ्याला जवळजवळ चिकटवून बघितलं, लाल आहे की हिरवं ते ठरवलं, आणि लाल निघालं म्हणून मला दिलं. मी हात पुढे केला होता. बोर माझ्या हाताच्या वीतभर शेजारी, हवेत ठेवलं गेलं आणि मातीत पडलं. तिला वाटलं मी घेतलं. "ग्वाड हाय का?" तिने विचारलं.

"गोड आहे," मी म्हणालो. गयाबाई मातीतल्या बोराकडे बघत राहिल्या.

गयाबाईंचा ओटा

दिवस कलताना सगळे घराकडे निघालो. रुमाल हवेत उडू नये म्हणून मी सगळ्यांच्या मागून चालत होतो. ऊन गेलं तशी आरू आजीचं बोट सोडून पळायला लागली. संधिप्रकाशात बाहुली मोठी होते, ठिपक्याच्या भोवतीने वाट मिळते.

"बगा," गयाबाई म्हणाल्या, "संध्याकाळच्याला दिसतंय की तिला. घाई काय एवढी? लेकाला इचारलं फोनवर. तो तिकडं कंपनीत. म्हनला, आई म्हनंल तसं. आन् आईचं मन होईना."

घर साधं, वर पत्रा, पुढे शहाबादी फरशीचा ओटा, ओट्यावर शिलाई मशीन. रेखा गावातल्या बायकांचे झंपर आणि शाळेच्या मुलांचे गणवेश शिवते. माझ्या पँटची केस ओघानेच तिच्याकडे गेली. मी गयाबाईंची गुलाबाच्या फुलांची सोलापुरी चादर गुंडाळून खाटेवर बसलो. ज्याच्या हाती आपण लेकराचे डोळे द्यायचे, तो सर्जन असा दिसत असेल, तर मीही माझं लेकरू परत नेलं असतं.

रेखाने पँट उलटी केली, शिवण बोटांनी चाचपली आणि नवल वाटून सासूला दाखवली.

"आत्याबाई, बगा की. यात माया ठिवलीच न्हाई कुनी."

"काय ठेवलं नाही?" मी विचारलं.

"माया. शिवणीच्या आत जादाचं कापड सोडतेत न्हाई का, पुढं ढिलं करायला? तसं काईच न्हाई. काठाला काठ लावून नुसती टीप मारलीय. ही उसवून काई फायदा न्हाई, दादा. मधी दुसऱ्या कापडाची कळी घालावी लागंल."

"रेडिमेड हाय, रेडिमेडात कसली माया," मोईनभाई चहा पीत म्हणाले.

रेखाने मशीनवरचा अर्धा झालेला एक फ्रॉक बाजूला केला. निळा, बालवाडीच्या गणवेशाचा, आरूचाच. माझं लक्ष त्याच्या घेरावर गेलं. खाली आतल्या बाजूला दुमडच दुमड.

"हा एवढा दुमडलाय का?" मी विचारलं.

उत्तर गयाबाईंनी दिलं, आणि माझ्यासारख्या अडाण्याला समजावं म्हणून सावकाश दिलं. "लेकराचं कापड आजच्या मापाचं शिवत्येत व्हय? वाढतं अंग हाय. आंगात माया ठिवायची, घेराला दुमड घालायची. दरसाली येक दुमड उसवायची. आजच्या मापाचं शिवलं तर पुढच्या साली श्वास घेता यायचा न्हाई लेकराला. तुमच्यावानी."

मी उठून उभा राहिलो. "अहो, हेच! हेच मी परभणीपासून सांगतोय!"

आवेशात चादर सुटली. मोईनभाईंनी ती वरच्या वर झेलली, त्यामुळे राणीसावरगावातली माझी उरलीसुरली अब्रू वाचली. मी चादर एका हाताने धरून, दुसरा हात हवेत फिरवत बोलत सुटलो. की आरूचा डोळा वाढतं अंग आहे. तो अजून लांब होणार. आत बसवलेली लेन्स मात्र वाढत नाही, ती आहे तेवढीच राहते. आज डोळ्याला अगदी बरोबर बसेल अशी टाकली, तर डोळा वाढल्यावर ती जास्त होते आणि पोरीला लांबचं अंधुक दिसायला लागतं, मग जन्मभर जाड भिंगाचा चष्मा. म्हणून आम्ही लेन्समध्ये माया ठेवतो. जेवढी माया ठेवली तेवढा आज चष्मा लागतो. तो चष्मा म्हणजे ती घेराची दुमड. डोळा वाढेल तशी दरसाली थोडी थोडी उसवायची. म्हणजे पोरगी मोठी होईल तेव्हा लेन्स तिच्या मापाला येते.

गयाबाई गालाला हात लावून विचार करत होत्या.

"आन् मला पुरी बसवली ती?"

"तुमचा डोळा वाढायचा कधीच थांबला. तुमचं माप पक्कं."

"कापड उसवता येतंय, डाक्टर. डोळा काय दरसाली उसवाल व्हय?"

"डोळ्याला हात लावायचा नाही. बाहेरच्या चष्म्याची काच तेवढी बदलायची. पण एक आहे," मी म्हणालो, आणि इथे माझ्या आवाजातली गंमत मला गुंडाळून ठेवावी लागली. "तो चष्मा रोज लावायला हवा. उठल्यापासून झोपेपर्यंत. जवळचं बघायला त्यातच खाली वेगळं भिंग असेल. पोरं काढून फेकतात. फेकला आणि कुणी बघितलं नाही, तर डोळा आळशी होतो आणि आपण केलेलं सगळं वाया जातं."

"फेकंल?" गयाबाईंनी आरूकडे फक्त एकदा बघितलं. आरूने न फेकलेल्या चष्म्यासाठीच मान खाली घातली.

"किती माया ठिवता मग?" रेखाने मशीनवरून विचारलं. "लय ठिवली तर झबलं व्हतंय. लेकरू पायात अडकून पडतंय."

तिने नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं. "तीच तर पंचाईत आहे," मी म्हणालो. "कुणाचा डोळा किती वाढेल, ते आधी कळत नाही. अंदाज करावा लागतो."

"अंदाज," गयाबाई म्हणाल्या. तो शब्द त्यांनी पानाच्या विड्यासारखा गालात धरून ठेवला. मग माझ्याकडे रोखून बघत म्हणाल्या, "मग दवाखान्यात असं कामून न्हाई बोललाव? माया ठिवतो म्हनला असता तर तवाच पोरगी टेबलावर घातली असती. कमी म्हनं!"

मशीन थांबलं. रेखाने पँट माझ्या हातात दिली. करड्या पँटच्या मागे, ऐन मध्यावर, पानाच्या आकाराची गडद निळी कळी. घरात दुसरं कापड नव्हतं, त्यामुळे आरूच्या गणवेशातला एक तुकडा माझ्या वाट्याला आला होता.

पुन्हा परभणी

आरूला भूल दिल्यावर मोईनभाईंनी मापं घेतली. जागेपणी पाच वर्षांचं मूल डोळ्यावर काही टेकवू देत नाही, म्हणून हे काम झोपेत करायचं. आणि इवल्या डोळ्यात माप घेताना केसभर चूक झाली, तर ती मोठ्या माणसाच्या डोळ्यापेक्षा महागात पडते. म्हणून ते पुन्हा पुन्हा घेतात, आणि त्या वेळी मोईनभाई विनोद करत नाहीत.

"पुरी बसवायची तर सव्वीस," ते म्हणाले.

किती उतरायचं, याचे तक्ते आहेत. वय टाका, उत्तर घ्या. ते तक्ते सरासरी मुलांसाठी केलेले असतात, आणि सरासरी मूल मला अजून कुणी आणून दाखवलेलं नाही. तक्ता म्हणत होता बावीसच्या आसपास. माझा हात तेवीसकडे जात होता. तेवीस टाकली तर आजचा चष्मा पातळ, मुलगी आनंदाने लावेल, पण मोठेपणी लेन्स आवळणार. बावीस टाकली तर पुढचं चांगलं, पण आज भिंग जाड, आणि ते तिने फेकलं तर पुढचं काही उरतच नाही. आईबापाला चष्मा नाही, हेही विचारून झालं होतं. लेन्सच्या डब्यांवर माझं बोट बावीस-तेवीस, बावीस-तेवीस करत होतं.

"साब," मोईनभाई हळूच म्हणाले, "माया किती?"

तेवढ्यात दाराबाहेरून गयाबाईंचा आवाज आला. व्हरांड्यात बसलेल्या एका परक्या बाईचं पोर डोळ्यावरची पट्टी ओढत होतं, आणि ते पोर, त्याची आई आणि बहुधा त्याचे आजोळचे सगळे यांना त्या एकत्रच झापत होत्या. ओढणं बंद झालं. सगळा व्हरांडा बंद झाला.

"बावीस," मी म्हणालो.

माझ्या पुढच्या व्याख्यानात हे येणार नाही, पण त्या दिवशी लेन्सचा नंबर मी अर्धा डोळ्याच्या लांबीवरून ठरवला आणि अर्धा आजीच्या आवाजावरून. दुसरा डोळा त्याच आठवड्यात झाला. त्यालाही तेवढीच माया.

पुण्याला परतल्यावर बायकोने पँट बघितली, कळी बघितली आणि विचारलं, "मागे ही खिडकी कुणी काढली?" मी सगळी हकिगत सांगितली. तिने पँट टाकून द्यायला काढली. मी नेसत्या वस्त्रासाठी आजवर कुणाशी भांडलो नव्हतो, या वेळी भांडलो.

उन्हाळ्यातल्या खेपेला मी तीच पँट घालून परभणीला गेलो. तपासणीचा दिवस होता, व्हरांडा भरलेला, बाहेर पांढरं ऊन. मी रोग्यांच्या गर्दीतून खोलीकडे चाललो होतो, तेवढ्यात पार टोकाच्या बाकावरून आवाज आला.

"आज्जी! आज्जी, त्या मान्साच्या पँटीला माज्या फ्राकचं कापड हाय!"

सगळ्या व्हरांड्याने माझी मागची बाजू बघितली. मी वळलो. टोकाला आरू उभी होती. नाकावर जाड भिंगाचा चष्मा, मागून इलॅस्टिकने बांधलेला, भिंगात डोळे केवढे तरी मोठे. डोकं तिरकं नव्हतं. मान सरळ. बाहेर भर ऊन होतं.

मला माझ्या यंत्रांची, अक्षरांच्या तक्त्याची, कशाचीही गरज उरली नव्हती. तरी तपासलं. चष्मा दिवसभर राहतो का, असं विचारायची सोय नव्हती, कारण गयाबाई शेजारीच बसल्या होत्या. मोईनभाईंनी नवा नंबर काढला आणि मला नुसतंच एक बोट दाखवलं: एक दुमड थोडीशी उसवायला आलेली.

"अगदी मनासारखं चाललंय," मी फुशारून गयाबाईंना म्हणालो. "ही वीस वर्षांची होईल ना, तेव्हा लांबचा चष्मा जवळजवळ नसेलच. माझा अंदाज आहे."

गयाबाईंनी तो ऐकून घेतला. मग त्यांची नजर खाली गेली. मी नवा नंबर लिहायला टेबलाकडे वळून वाकलो होतो, आणि निळ्या कळीच्या दोन्ही कडांना टाके ताणून ताणून पांढरे पडले होते.

"रेखानं येवडी कळी घातली, ती बी आवळायली," त्या म्हणाल्या. "सोताचं पोट कितपत वाढंल ह्याचा तुमाला अंदाज आला न्हाई, आन् लेकराचा डोळा किती वाढंल ते सांगायलाव व्हय?"